दुकानात आलं की शहाण्यासारखं वागणारं मशीन

आषाढ संपत आला होता. बेळगावच्या वडगावातल्या एक अक्का स्कूटीच्या पायाशी कॉम्प्युटरचं कॅबिनेट ठेवून, त्याला खताच्या पोत्याचा प्लॅस्टिक गुंडाळून, भर पावसात माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आल्या. त्यांचं डीटीपीचं काम, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गणपती मंडळांची पावती पुस्तकं, मराठीतही आणि कन्नडमध्येही. म्हणजे नेमका सीझन तोंडावर.

"काम करता करता फटकन बंद होतंय बघा, आणि आपलं आपणच परत चालू होतंय. कधी दिवसातनं दोनदा, कधी चारदा. एकानं फॉरमॅट मारून दिलं, दुसऱ्यानं रॅम बदलली. तेच की परत."

मी मशीन चार दिवस टेबलावर चालू ठेवलं. त्यावर मोठमोठ्या फाइली उघडल्या, रात्रभर व्हिडिओ लावून ठेवले, प्रोसेसरला घाम फुटेल असे टेस्ट चालवले. एकदाही बंद पडलं नाही. पाचव्या दिवशी अक्का घेऊन गेल्या आणि संध्याकाळच्या आत फोन. "तुमच्याकडं आलं की शहाण्यासारखं वागतंय ओ. घरला नेलं की झालं सुरू."

ज्यांचं मशीन धड मरतही नाही आणि धड चालतही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पूर्ण मेलेलं मशीन दुरुस्त करणं सोपं असतं. काय चालत नाही ते समोर दिसतं, तो भाग बदलायचा, विषय संपला. अधूनमधून येणारा दोष मात्र तपासणाऱ्याच्या समोर येतच नाही. तो येण्यासाठी दोन-तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. थोडी उष्णता, थोडा ताण, थोडं व्होल्टेज खाली, एखादा सैल पडलेला सांधा. यातली एक जरी नसेल तरी मशीन ठणठणीत. त्यामुळे "चेक केलं, ओके आहे" या वाक्याचा अर्थ एवढाच, की माझ्या टेबलावर त्या गोष्टी जुळल्या नाहीत.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मी अक्कांना वही घ्यायला सांगितली. मशीन बंद पडलं की घड्याळ बघून वेळ लिहायची. काय काम चालू होतं, स्क्रीनवर काय दिसलं, पंख्याचा आवाज वाढला होता का, मॉनिटर चालू राहिला का तोही गेला. त्यांनी वही नाही घेतली. चुकलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागल्या. चालतंय.

वहीकडे आपण पुन्हा येऊच. आधी मशीन कसं बंद पडतंय ते बघू, कारण कोणत्या पद्धतीनं पडतंय त्यावरच पुढचा रस्ता ठरतो.

पडदा निळा, काळा की काहीच नाही

कितीतरी लोक "मशीन रिस्टार्ट होतं" म्हणतात तेव्हा आत खरं तर निळा पडदा येऊन गेलेला असतो. विंडोजची मूळ सेटिंगच अशी असते की गंभीर चूक सापडली की पडदा दाखवायचा आणि लगेच रिस्टार्ट करायचं. माणूस चहाला गेलेला असतो, परत येऊन बघतो तर लॉगिनची स्क्रीन. म्हणून पहिलं काम म्हणजे सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबखाली स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडून 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'वरची टिक काढणं. मग पडदा तिथंच थांबतो आणि मोबाईलवर फोटो काढता येतो. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा केलाय. नाव बदलायला लोकांना वेळ लागेल, आमच्याकडं अजून निळाच म्हणतात.)

निळा पडदा आला याचा अर्थ विंडोज शेवटच्या क्षणी जिवंत होती आणि तिला बोलायला वेळ मिळाला. तिथं लिहिलेलं नाव बघा. 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' अशी नावं आलटूनपालटून येत असतील तर रॅमवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीवर, संशय घ्यायला जागा आहे. दरवेळी एकच नाव आणि त्यासोबत एकाच ड्रायव्हर फाइलचं नाव येत असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा, म्हणजे एखादा भाग विंडोजला चालवून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा, घोळ असतो. 'व्हीआ (WHEA) अनकरेक्टेबल एरर' आलं तर प्रोसेसर किंवा त्याच्या आजूबाजूच्या हार्डवेअरनं स्वतःच तक्रार नोंदवलेली असते, तिथं फॉरमॅट मारून काही होणार नाही.

पडदा नाही, आवाज नाही, दिवा मालवल्यासारखं मशीन गेलं आणि परत उठलं, तर विंडोजला बोलायलाच मिळालं नाही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम बघितलं तर तिथं लाल खुणेसकट 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. ही नोंद बघून निम्मी दुनिया पॉवर सप्लाय बदलते. पण ४१ चा अर्थ फक्त एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. वीज गेली असेल, कुणी बटण दाबून धरलं असेल, मशीन गोठलं असेल, किंवा निळा पडदाही आला असेल. नोंदीच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड' बघायचा. तिथं शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर निळा पडदा आला होता. शून्य असेल तर विंडोजला कळायच्या आतच सगळं संपलं होतं.

अक्कांच्या मशीनमध्ये ४१ च्या ओळीच ओळी होत्या, आणि प्रत्येकीत शून्य.

म्हणजे फॉरमॅट मारणाऱ्यानंही वाया घालवलं आणि रॅम बदलणाऱ्यानंही. रॅम बिघडली तर सहसा ती काहीतरी बडबड करते, इतक्या शिस्तीत दिवा मालवत नाही. सॉफ्टवेअर की हार्डवेअर, असा वाद असेल तर आणखी एक स्वस्त उपाय आहे. पेन ड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) टाकायचं, हार्डडिस्कची वायर काढून ठेवायची आणि मशीन नुसत्या पेन ड्राइव्हवर चालवायचं. तिथंही बंद पडलं तर विंडोज, व्हायरस, ड्रायव्हर सगळे एका दमात निर्दोष सुटतात.

वीज, आणि वीस मिलिसेकंदांचा हिशेब

आमच्या भागात सगळ्यात जास्त फसवणारा भाग कुठला, तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटच्या आत मागच्या बाजूला असलेला पॉवर सप्लायचा डबा. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट घेऊन तो आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. नियमाप्रमाणे यात पाच टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी. मल्टिमीटर लावला, १२.०५ दाखवलं, की मेकॅनिक म्हणतो सप्लाय चांगला आहे. इथंच घात होतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. एका सेकंदाच्या शंभराव्या भागात व्होल्टेज खाली जाऊन वर आलं तर त्याला पत्ताही लागत नाही, पण मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीला, तेवढं पुरतं. एसएमपीएसमधून एक राखाडी वायर मदरबोर्डला 'सगळं ठीक आहे' असं सतत सांगत असते. तो निरोप क्षणभर तुटला की मदरबोर्ड वाट बघत नाही, रीसेट होतो.

आता हे बघा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. लाईट गेली की घरगुती यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ मशीनला वीजच नसते. तो वेळ निभावून नेतो एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर, आपल्या घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखा. नळाचं पाणी गेलं तरी टाकीत आहे तोवर घरात येत राहतं. चांगल्या एसएमपीएसची टाकी पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरते. पण आठ-दहा वर्षांत आतलं द्रव सुकत जातं, टाकी लहान होत जाते. एके दिवशी ती ८ मिलिसेकंदांचीच उरते आणि यूपीएसला यायला ९ लागतात. यूपीएस ठीक, मशीन ठीक, दोघांच्या मधला एक मिलिसेकंद मात्र कुणाचाच नाही.

अक्कांच्या पत्रिका आठ दिवसांनी माझ्याकडं आल्या. वेळा अशा. सकाळी ९:०५. दुपारी २:०२. दुसऱ्या दिवशी ९:०८, २:००. तिसऱ्या दिवशी ९:०५, १:५८ आणि संध्याकाळी साडेसहा. एका दिवशी काहीच नाही. आणि प्रत्येक नोंदीपुढं त्यांच्या सुबक अक्षरात, "मॉनिटर चालूच होता."

वडगाव म्हणजे मागवाल्यांचा भाग. खासबाग, शहापूर, वडगाव, गल्लीत शिरलं की पॉवरलूमचा खडखडाट. मी विचारलं, शेजारी माग आहेत का? "लागून भिंतच आहे की. सकाळी नऊला सुरू करतात, दुपारी जेवून दोनला." आणि ज्या दिवशी काहीच नाही? त्या दिवशी त्यांच्याकडं बारसं होतं, माग बंद.

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी चालू असतानाच्या पाच-सहापट करंट खेचते. ओळीनं सहा-आठ माग सुरू झाले की त्या फेजवरचं व्होल्टेज खाली बसतं. आपल्याला बल्ब डोळा मिचकावल्यासारखा दिसतो. यूपीएस घाबरून बॅटरीवर जातो, आणि जाता जाता तो छोटा खड्डा पडतो. मॉनिटर कमी वीज खातो, त्याची टाकी पुरते, तो तगतो. कॅबिनेट जातं. यूपीएसची बॅटरीच मेली असती तर मॉनिटरही गेला असता आणि यूपीएस ओरडत बसला असता. 'मॉनिटर चालूच होता' या तीन शब्दांनी मला यूपीएस सोडून एसएमपीएसकडं वळवलं. माझ्या दुकानाच्या लाईनवर माग नाहीत, म्हणून माझ्याकडं ते मशीन शहाणं.

घरी हे तपासायचं तर आधी सगळ्या फाइली सेव्ह करून बंद करा, मग यूपीएसची पिन भिंतीतून काढा. पाच-सहा वेळा, थोड्या थोड्या अंतरानं. दरवेळी नाही पण एखाद्या वेळी कॅबिनेट रिस्टार्ट झालं, मॉनिटर तसाच राहिला, तर दोषी सापडला. एक सांगतो, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आतला तो कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असतो आणि पिन काढल्यावरही काही काळ भरलेलाच राहतो. डबा पूर्ण बदलायचा.

विजेच्याच नात्यातली आणखी एक तक्रार, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसारखे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोघांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग धड असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, ११० व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटर जोडताना मशीन गोठणं, यूएसबी तुटणं हे प्रकार त्यातून होतात. तिसरी पिन तोडून टाकलेली दिसली की मला राग येतो. आणि एप्रिल-मेमध्ये तक्रारी वाढल्या तर परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा, माती कोरडी पडलेली असते.

बाकीचे संशयित

उष्णतेवर सगळ्यांचा पहिला संशय जातो, माझा जात नाही. आजचे प्रोसेसर तापले की आधी हळू होतात, शंभर अंशांच्या आसपास गेल्यावर स्वतःचा वेग कापतात, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद होतात. म्हणजे बंद पडायच्या आधी रडगाणं ऐकू यायला हवं. तरी आमच्याकडं कॅबिनेट उघडून बघावंच लागतं. वडगावच्या मशीनमध्ये हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) सुताच्या तुसाची अशी जाड लादी बसते की बोटानं उचलली तर नमद्यासारखी एकसंध निघते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या ऑफिसातून येणाऱ्या मशीनमध्ये काळी बारीक धूळ. ती जास्त वाईट, कारण तिच्यात लोखंडाचे आणि कार्बनचे कण असतात, आणि पावसाळ्यात ओल धरली की ती मदरबोर्डवर नको तिथं वीज वाहून नेते. निपाणीकडच्या मशीनला तंबाखूचा वास. ब्लोअरनं साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरा, नाहीतर वाऱ्यानं तो गरगर फिरून बेअरिंग जातं. उष्णतेची सोपी परीक्षा म्हणजे कॅबिनेटची बाजू उघडून टेबल फॅन लावणं. बंद पडायचा वेळ लांबला तर उष्णता, नाही लांबला तर दुसरीकडं बघा.

याच्या उलट एक प्रकार आहे. डिसेंबरच्या गार सकाळी मशीन चालू व्हायला दहा नाटकं करतं, एकदा तापलं की दिवसभर गुण्यागोविंदानं नांदतं. हे सुकत आलेल्या कपॅसिटरचं लक्षण. थंडीत त्यांचा आतला अडथळा वाढतो. मदरबोर्डवर छोट्या डब्यांची डोकी सपाट हवीत, फुगलेली किंवा तपकिरी डाग पडलेली दिसली तर बोर्डाचे दिवस भरले.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावायचं. एक जरी चूक आली तरी ती चूकच, 'एकच आली' म्हणून सोडायची नाही. पण शून्य चुका म्हणजे निर्दोष असंही नाही. दोन पट्ट्या असतील तर एक काढा, एकीवर चालवा, मग खाच बदला. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, खाचेतच राहिली तर मदरबोर्ड. पुष्कळदा पट्टी काढून, सोनेरी दात पुसून परत घट्ट बसवली की बरी होते. जांबोटी-खानापूरकडच्या चार महिन्यांच्या ओलीत दातांवर थर चढतोच. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उठणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) एक्सएमपी नावाची वेग वाढवणारी सेटिंग चालू असेल तर तपासताना आधी ती बंद करा.

डिस्क अडकली तर मशीन सहसा मरत नाही, थिजतं. माऊस हलतो पण काही उघडत नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघा. 'सीआरसी एरर काउंट' (डेटा वायरीतून येताजाता झालेल्या चुका) वाढत असेल आणि बाकी आकडे शांत असतील तर डिस्क नाही, तिची पन्नास-शंभर रुपयांची वायर बदला. 'पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा) वाढत असतील तर आधी डेटा काढून घ्या, मग बाकीचं बोलू.

प्रोसेसर स्वतः क्वचित बिघडतो. अपवाद आहे तो इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरचा. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं, त्यामुळे ते हळूहळू खराब होत होते. हे कंपनीनंच २०२४ मध्ये मान्य केलं, बायॉस अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तसलं मशीन असेल तर पहिलं काम बायॉस अपडेट.

आणि एक हसू येणारा दोषी. पुढच्या पॅनलवरचं छोटं रीसेट बटण. त्यात धूळ जाऊन ते अर्धवट दाबलेलं राहतं, टेबलाला धक्का लागला की मशीन रिस्टार्ट. मदरबोर्डवरून त्याची दोन तारांची पिन उपटून ठेवली की कळतं. माझ्याकडं आलेल्या एका मशीनचा त्याआधी मदरबोर्ड बदलून झाला होता, खरा दोष एवढाच.

बरं झालं हे कधी म्हणायचं

इथं मी स्वतः पुष्कळदा तोंडावर पडलोय. समजा मशीन सरासरी तीन दिवसांतून एकदा बंद पडतं. तुम्ही रॅम बदलली आणि तीन दिवस काही झालं नाही. गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश. पण काहीही न बदलता तसंच ठेवलं असतं तरी तीन दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे दर तिसऱ्या वेळी निव्वळ नशिबानं तुम्ही हुशार ठरता. नऊ दिवस थांबलात तर ती शक्यता ५ टक्क्यांवर येते. म्हणून माझा हिशेब, दोष सरासरी जितक्या दिवसांनी येतो त्याच्या तिप्पट शांतता मिळेपर्यंत 'बरं झालं' म्हणायचं नाही आणि पैसेही पूर्ण घ्यायचे नाहीत.

दुसरं, एका वेळी एकच बदल. घाईत एसएमपीएस, रॅम आणि वायर तिन्ही बदलले आणि मशीन सुधारलं, तर दोन चांगल्या वस्तू भंगारात गेल्या आणि खरं कारण कधीच कळलं नाही. शिवाय हात लावताना नकळत रॅम घट्ट बसली, वायर नीट लागली, धूळ उडाली, यामुळंही मशीन महिनाभर सुधारतं. नवा भाग लावून दोष गेला तर जुना परत लावून बघा, दोष परत आला पाहिजे. हे करायला कुणालाच आवडत नाही. अक्कांनाही नाही. "चालालंय की ओ आता, कशाला परत काढताय?" तरी काढला. जुना एसएमपीएस लावला, दुसऱ्या दिवशी दोन वाजून एक मिनिटाला मशीन गेलं. परत नवा लावला.

त्यांच्याकडं दिवसातून दोनदा व्हायचं, त्यामुळे तिपटीच्या हिशेबानं दीड-दोन दिवस पुरले असते. पण पावती पुस्तकांची गडबड होती, म्हणून गणपती बसेपर्यंत लिहीत राहा म्हटलं. चतुर्थीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फोटो आला. पत्रिकेची कोरी पाठ, तारखा ओळीनं, पुढं सगळीकडं रेघ. एकाच तारखेपुढं काही लिहिलेलं, "९:०६. बल्ब मिचकावला. मशीन चालू." खाली दुसऱ्या शाईत, "तुमच्या मंडळाचं पुस्तक तयार आहे, येऊन घेऊन जावा."